सामाजिक संकेत समजणारे सॉफ्टवेअर एजंट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एजंट बांधायला घेतलेले विद्यार्थी, नोकरीतले प्रोग्रामर आणि 'आमच्या ॲपला थोडी रीतभात शिकवता येईल का' असं विचारणारे लोक सतत जे प्रश्न पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक ठिकाणी एकच उदाहरण वापरलं आहे: नाटकाला बसलेल्या माणसाच्या फोनची रिंग सांभाळणारा एजंट. काम छोटं आहे, पण या विषयातल्या जवळजवळ सगळ्या अडचणी त्यात भेटतात.

1. साध्या प्रोग्रामपेक्षा एजंट वेगळा कसा? आणि तो संकेतांचा 'विचार' करतो म्हणजे नेमकं काय करतो?

प्रोग्रामला पावलं सांगावी लागतात. एजंटला उद्दिष्ट दिलं की भोवतालची परिस्थिती पाहून पावलं तो स्वतः ठरवतो. या क्षेत्रात सर्वांत रुळलेली रचना बीडीआय नावाने ओळखली जाते. तिच्यात एजंटच्या समजुती, इच्छा आणि निश्चय यांचे तीन वेगळे खण असतात. तिचा पाया तत्त्वज्ञ मायकल ब्रॅटमन यांच्या 1987 सालच्या मांडणीत आहे. 2001 मध्ये मांडलेल्या बीओआयडी रचनेने त्यात कर्तव्यांचा चौथा खण जोडला.

हा चौथा खण आला की एजंटला दर वेळी स्वतःला विचारता येतं: आत्ता माझ्याकडून कोणाची काय अपेक्षा आहे, माझ्या उद्दिष्टाशी तिचा मेळ बसतो का, आणि नाही बसला तर मी काय सोडतो आहे? शेवटचा प्रश्न विचारता येत नसेल तर तो एजंट आज्ञाधारक आहे एवढंच म्हणता येईल.

2. हे सगळं साध्या जर-तरमध्ये लिहिता येणार नाही का?

तीन-चार नियम असतील तर जरूर लिहा, त्यात काही कमीपणा नाही. अडचण अपवादांनी येते. हो-नाही स्वरूपाच्या दहा अटी एकमेकींत गुंतल्या की 1024 शक्यता होतात, आणि अकरावी अट घालताना आधीच्या कोणत्या फांदीला धक्का लागला हे कोणालाच सांगता येत नाही. दुसरी उणीव जास्त खोल आहे. जर-तरच्या कोडमध्ये नियम 'मोडला' ही स्थितीच नसते. फांदी चालते किंवा चालत नाही. मोडल्यावर काय करायचं (प्रश्न 8) हे लिहायला मग जागाच उरत नाही.

3. संकेत, कायदा आणि सवय यांत एजंटच्या दृष्टीने फरक काय?

मुंबईच्या लोकलमधली चौथी सीट घ्या. बाकडं तिघांचं असतं, पण चौथा येऊन उभा राहिला की तिघं सरकतात. हे कुठे लिहिलेलं नाही. न सरकणाऱ्याला दंड होत नाही, पण डबा त्याच्याकडे ज्या नजरेने पाहतो ती पुरेशी असते. हा संकेत. उलट दुचाकीवर हेल्मेट घालणं मोटार वाहन कायद्यातच आहे, आणि पुण्यात त्याला वर्षानुवर्षं झालेला विरोध सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे कायदा आहे, पण त्यामागे संकेत उभा राहायला फार वेळ लागला. आणि मी रोज त्याच डब्यात चढतो, ही निव्वळ सवय. मोडली तर कोणाचं काही जात नाही.

तत्त्वज्ञ क्रिस्टिना बिकिएरी यांनी केलेली फोड एजंट बांधताना फार उपयोगी पडते. संकेत टिकतो तो दोन अपेक्षांवर: इतर लोक तसं वागतात असं मला वाटतं, आणि मी तसं वागावं असं इतरांना वाटतं असंही मला वाटतं. एजंटमध्ये या दोन अपेक्षांची नोंद वेगवेगळी ठेवा. एकाच आकड्यात मिसळल्या की रस्ता बघून शिकणारा एजंट 'हेल्मेट नको' असं शिकून बसतो.

4. एक संकेत लिहायचा तर त्यात कोणकोणते भाग हवेत?

राज्यशास्त्रज्ञ क्रॉफर्ड आणि एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी 1995 मध्ये संस्थांच्या नियमांचं व्याकरण मांडलं. त्यात पाच भाग आहेत: कोण, बंधनाचा प्रकार, काय, कोणत्या परिस्थितीत, आणि नाहीतर काय. सुरुवातीला एवढं पुरतं. प्रत्यक्ष चालणाऱ्या एजंटला आणखी चार भाग लागतात. नाट्यगृहाचा संकेत पूर्ण लिहिला तर असा दिसतो:

कोण: प्रेक्षकाचा फोन-एजंट
कोणाप्रती: बाकीचे प्रेक्षक आणि रंगमंचावरचे कलाकार
प्रकार: मनाई
काय: आवाज, थरथर, पडद्याचा उजेड
कधीपासून: तिसरी घंटा, मध्यंतरानंतर पुन्हा घंटा
कधीपर्यंत: मध्यंतर, शेवटचा पडदा
सूट: मालकाने आधी नोंदवलेली आणीबाणी
भंग झाल्यास: प्रश्न 8 प्रमाणे
कुठून आला: सभागृहातली घोषणा

यातला 'कोणाप्रती' हा रकाना बहुतेक जण गाळतात. तो गाळला की सूट कोण देऊ शकतो आणि माफी कोणाची मागायची हे दोन्ही अनुत्तरित राहतं. संगणकशास्त्रज्ञ मुनिंदर सिंग यांची वचनबद्धतेची मांडणी याच जागी मदतीला येते: ऋणी कोण, धनको कोण, कोणत्या अटीवर, कशाबद्दल. धनको सूट देऊ शकतो, ऋणी स्वतःच स्वतःला देऊ शकत नाही.

'काय' लिहिताना कृतीबरोबर हेतूही पाहा. नुसतं 'रिंग बंद' लिहिलं तर एजंट फोन थरथरीवर टाकतो, आणि खुर्चीच्या लाकडी हातावर ठेवलेला फोन शांत प्रवेशात तीन रांगांना ऐकू जातो.

5. संकेत लागू कधी झाला आणि संपला कधी, हे एजंटला कसं कळणार?

सर्वाधिक चुका इथे होतात. तर्काच्या चुका त्या मानाने थोड्या.

प्रत्येक संकेताला स्थिती द्या: निद्रिस्त, लागू, पाळला, मोडला, संपला. स्थिती बदलते ती घटनेने, घड्याळाने नव्हे. कॅलेंडरमध्ये 'नाटक, 8:30' लिहिलेलं असतं. तिसरी घंटा पावणेनऊला होते. एजंटने साडेआठलाच फोन मुका केला, तर गाडी लावायला गेलेल्या नवऱ्याचा 'कोणत्या दाराने येऊ' हा फोन बायकोला कळत नाही. हे तरी निभावतं. शेवट चुकला तर जास्त महागात पडतं: पडदा पडल्याची घटना एजंटला दिसलीच नाही, 'लागू' ही स्थिती रात्रभर राहिली आणि सकाळचा गजर वाजला नाही.

म्हणून प्रत्येक लागू संकेताला दोन शेवट लिहा. एक खरी घटना, आणि दुसरी कमाल मुदत. नाटकासाठी कॅलेंडरच्या वेळेपासून चार तास ठेवले तरी पुरतात. मुदत उलटल्यावर संकेत 'पाळला' म्हणून नोंदवू नका. 'संपला, शेवट दिसला नाही' अशी वेगळी नोंद ठेवा, कारण चाचणीत (प्रश्न 15) हीच नोंद सर्वांत जास्त शिकवते.

कर्तव्यांतही दोन जाती आहेत. 'मध्यंतरात परत फोन कर' हे एकदा केलं की संपतं. 'प्रयोगभर शांत राहा' हे सतत पाळत राहावं लागतं, आणि एका क्षणाला मोडलं तरी मोडलं. दोन्ही एकाच साच्यात कोंबले की दुसऱ्या जातीचा संकेत पहिल्या शांत मिनिटालाच 'पाळून झाला' ठरतो.

6. तिसरी घंटा झाली हे सेन्सरला कसं समजणार? मायक्रोफोनला फक्त आवाज कळतो.

बरोबर, आणि म्हणून मधे एक थर लागतो. तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांचं सूत्र आहे: अमुक संदर्भात 'क्ष' हे 'य' म्हणून धरलं जातं. घंटेचा आवाज, कॅलेंडरमध्ये नाटक, ठिकाण नाट्यगृह: तिन्ही एकत्र आले तर 'प्रयोग सुरू झाला' असं धरायचं. तीच घंटा देवळात वाजली तर धरायचं नाही. हे 'धरण्याचे' नियम मनाई-कर्तव्याच्या नियमांपासून वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. सभागृह बदललं की पहिले बदलतात, दुसरे तसेच राहतात. पुराव्याला खात्रीचा अंक जोडा, आणि तो कमी असेल तर ज्या चुकीचं नुकसान कमी त्या बाजूला झुका.

7. दोन संकेत एकमेकांच्या आड आले तर कोणाचं ऐकायचं?

कायद्यात तीन जुने मार्ग आहेत: वरच्या दर्जाचा नियम खालच्यावर मात करतो, विशेष नियम सामान्यावर, नंतरचा आधीच्यावर. तिन्ही वापरा, पण त्यांचा आपसातला क्रमही आधीच लिहून ठेवा.

ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत याचं स्वच्छ उदाहरण मिळतं. रात्री 10 ते सकाळी 6 सार्वजनिक जागी ध्वनिक्षेपकाला मनाई. त्याला अपवाद असा की सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्री 12 पर्यंत मुभा देऊ शकतं. मंडळाची ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्या एजंटने 'गणेशोत्सव आहे' एवढ्यावर ही मुभा गृहीत धरली तर तो चुकला. उत्सव असणं पुरेसं नाही, आजचा दिवस सरकारने जाहीर केलेल्या दिवसांत आहे का हे पाहावं लागतं.

आणखी बारीक उदाहरण कर्जवसुलीच्या फोनचं. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकानुसार थकबाकीसाठी कर्जदाराला सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायचा नाही. पण सूक्ष्मकर्जांसाठी त्याच वर्षीच्या वेगळ्या निर्देशांत सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर मनाई आहे. संध्याकाळचे साडेसहा वाजले असतील तर फोन करायचा का, हे कर्जाच्या जातीवर ठरतं. कर्जाची जात नोंदलेली नसेल तर कडक वेळ धरा. माहिती नसताना सैल नियम निवडणारा एजंट बाजारात आणू नये.

कायद्याबाहेरच्या संघर्षाला दर्जाची उतरंड पुरत नाही. नाटक चालू आहे आणि घरून तीन मिनिटांत तिसरा फोन आला आहे. इथे 'शांत राहा' आणि 'घरच्यांना उपलब्ध राहा' यांतलं एक निवडण्यापेक्षा दोन्ही कमीत कमी मोडणारी कृती शोधा. मनगटावरच्या घड्याळाला एक हलका स्पर्श, उजेड बंद. संघर्ष सोडवायच्या आधी तो टळतो का हे तपासणारी पायरी एजंटमध्ये मुद्दाम ठेवा.

8. एजंटच्या हातून संकेत मोडलाच, तर पुढे काय?

कर्तव्यतर्काची, म्हणजे काय करायला हवं आणि काय करता कामा नये याच्या तर्कशास्त्राची, आधुनिक मांडणी तत्त्वज्ञ फॉन राइट यांच्या 1951 च्या लेखापासून धरतात. बारा वर्षांनी तत्त्वज्ञ चिझम यांनी तिला अडचणीत टाकणारं कोडं मांडलं. एकाने शेजाऱ्यांच्या मदतीला जायला हवं. जाणार असेल तर तसं कळवायला हवं. जाणार नसेल तर 'येतोय' असं कळवता कामा नये. आणि तो जात नाही. माणसाला यात काहीच विचित्र वाटत नाही, पण प्रमाण कर्तव्यतर्कात ही चार वाक्यं विसंगत तरी ठरतात किंवा त्यांतलं एखादं फुकट जातं.

एजंट बांधणाऱ्याला हे रोज भेटतं. भंगानंतरची कर्तव्यं मूळ संकेताच्या आत अपवाद म्हणून लिहू नका. 'मोडला' या स्थितीने जागे होणारे स्वतंत्र संकेत लिहा. फोन वाजला: एका सेकंदात आवाज तोडायचा, कॉल उचलायचा नाही, पडदा उजळू द्यायचा नाही, मध्यंतरात परत फोन करण्याची आठवण ठेवायची. फोन करणाऱ्याला निरोप पाठवायचा तर त्यात काय सांगायचं, हे प्रश्न 13 मध्ये आहे. मूळ मनाई मात्र तशीच लागू राहते. भंगासरशी ती काढून टाकणारे एजंट दुसऱ्यांदाही बिनदिक्कत वाजतात.

9. मग मोडताच येणार नाही अशी सोय का करू नये?

काही ठिकाणी तीच करावी. जोन्स आणि सर्गो यांनी 1993 मध्ये हा फरक नेमका मांडला: एक तर भंग अशक्य करून टाकायचा, नाहीतर भंग शक्य ठेवून त्यावर लक्ष ठेवायचं आणि परिणाम घडवायचे. स्पेनमधल्या कॅटलोनियातल्या ब्लानेस गावच्या मासळी लिलावावरून बार्सिलोनाजवळच्या संशोधकांनी 'इलेक्ट्रॉनिक संस्था' उभ्या केल्या. तिथे प्रत्येक एजंट आणि लिलाव यांच्या मधे एक मध्यस्थ असतो, आणि आत्ता न चालणारी बोली तो पुढेच जाऊ देत नाही.

कुलूप कुठे लावायचं याची कसोटी सरळ आहे. नियम निःसंदिग्ध हवा, तो तपासायला लागणारी माहिती यंत्राकडे खात्रीची हवी, आणि मोडण्याला कधीही योग्य कारण नसावं. वसुलीच्या फोनची वेळ तिन्हींत बसते. तिथे कुलूपच हवं, भाषा मॉडेलच्या (माणसासारखा मजकूर वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या एआयच्या) विवेकावर ते सोडू नये. नाट्यगृहातली शांतता तिसऱ्या कसोटीला उतरत नाही. बाराव्या रांगेतल्या डॉक्टरला वॉर्डातून फोन येतो तेव्हा तो त्याच्यापर्यंत पोचलाच पाहिजे.

10. भंगाची 'किंमत' किती धरायची? हे आकडे आणायचे कुठून?

रुपयांसारखा एकच आकडा काढायचा मोह आवरा. क्रम लावणं जमतं (मध्यंतरापर्यंत थांबणं, घड्याळाचा स्पर्श, उजेड, आवाज), आणि बहुतेक निर्णयांना तेवढं पुरतं.

सिम्युलेशनला मात्र आकडे लागतातच. तिथे राज्यशास्त्रज्ञ ॲक्सेलरॉड यांचा संकेत कसे टिकतात यावरचा 1986 चा संगणकीय प्रयोग वाचावा, आणि त्याची फेरतपासणीही. नियम मोडणाऱ्याला 3 चा फायदा, इतर प्रत्येकाला 1 चा तोटा, पकडून शिक्षा झाली तर 9 चा तोटा, शिक्षा करणाऱ्याला 2 चा खर्च. शिक्षा न करणाऱ्यालाही शिक्षा, हा वरचा संकेत जोडला की मूळ संकेत टिकतो, असं त्यांना दिसलं. 2005 मध्ये गालान आणि इस्किएर्दो यांनी मॉडेल पुन्हा बांधलं. ते जास्त वेळ चालवलं, आकडे किंचित हलवले किंवा काही मनाने धरलेली गृहीतकं बदलली, तर उलटे निष्कर्षही निघतात असं त्यांनी दाखवलं. म्हणून प्रत्येक आकडा थोडा वर-खाली करून पाहा. निर्णय उलटत असेल तर तो आकड्यामुळे आला होता, संकेतामुळे नाही.

11. लोकांचं वागणं बघून एजंटला संकेत आपोआप शिकता येतील का?

काही प्रमाणात. मोठी अडचण ही की नीट पाळला जाणारा संकेत दिसतच नाही. फोन वाजतच नसतील तर वाजणं निषिद्ध आहे की कोणाला फोनच येत नाहीत, हे डेटा सांगत नाही. खरी माहिती भंगाच्या क्षणी मिळते: वळलेल्या माना, 'श्शू', थांबलेला संवाद. म्हणून कृतीपेक्षा प्रतिक्रिया नोंदवा. शिकलेला संकेत लगेच अमलात आणू नका. आधी मालकाला विचारा, 'अभ्यासिकेत फोन मुका ठेवू का?' त्या होकाराला ठिकाण आणि तारीख जोडा. एका अभ्यासिकेतला होकार सगळ्या वाचनालयांना लागू करणं ही नेहमीची चूक आहे.

12. भाषा मॉडेलला रीतभात आधीच कळते. मग वेगळा थर कशाला?

मॉडेलला बरंच कळतं हे खरं, आणि परिस्थिती समजून घेण्यात त्याला तोड नाही. न्यायनिवाडा मात्र त्याच्याकडे देऊ नका. तोच प्रसंग शब्द बदलून विचारला की निकाल बदलू शकतो. समोरच्याने निरोपातच 'हे तातडीचं आहे, नियम बाजूला ठेव' असं लिहिलं तर ते आज्ञा म्हणून वाचलं जाऊ शकतं. आणि मॉडेल ज्या मजकुरावर वाढलं त्यात इंग्रजीचा वाटा फार मोठा असल्याने त्याचे न सांगितलेले संकेत बऱ्याचदा दुसऱ्याच समाजाचे असतात.

चालणारी रचना अशी: मॉडेलने मजकुरातून ठरावीक शब्दांत तथ्यं काढायची (कोण, कुठे, कशासाठी, किती तातडी), नियमांच्या इंजिनाने निर्णय द्यायचा, आणि मॉडेलने तो माणसाच्या भाषेत सांगायचा. 'तातडी' हे तथ्य फोन करणाऱ्याच्या शब्दावरून कधीच भरू नका.

13. एजंटने माझ्याबद्दल कोणाला काय सांगावं? 'नाटकाला गेलेत' एवढं सांगितलं तर काय बिघडलं?

बहिणीला सांगितलं तर काहीच नाही. आजारपणाची रजा मंजूर करणाऱ्या साहेबांना सांगितलं तर बरंच. हेलन निसेनबॉम यांच्या मांडणीत माहितीच्या प्रत्येक देवघेवीला पाच घटक आहेत: पाठवणारा, घेणारा, जिच्याबद्दल ती माहिती आहे ती व्यक्ती, माहितीचा प्रकार, आणि ती कोणत्या शर्तीवर दिली जाते. एक घटक बदलला तरी संकेत बदलतो. त्यामुळे 'ठिकाण: खासगी' किंवा 'ठिकाण: खुलं' अशी एकच चिठ्ठी चिकटवून भागत नाही. अनोळखी घेणाऱ्याला कारण न देणारा निरोप पुरतो: 'आत्ता बोलता येणार नाही, दहानंतर फोन करते.'

14. मराठीत बोलणाऱ्या एजंटने तू म्हणावं, तुम्ही, की आपण?

सुरुवात 'तुम्ही'ने करावी. 'आपण' आदराचं असलं तरी त्याचा अर्थ 'तू आणि मी' असाही होतो. 'आपण उद्या येणार का?' या निरोपाने खरोखर गोंधळ होतो. माणसाने एजंटला 'तू' म्हटलं म्हणून एजंटने उलट 'तू' म्हणू नये, ती मुभा दोन्ही बाजूंनी सारखी नाही.

मालकाच्या वतीने लिहिताना नियम बदलतो. अनेक घरांत आईला 'तू' आणि वडिलांना 'तुम्ही' असतं, अनेक घरांत आता दोघांनाही 'तू'. हे नात्यावरून ओळखता येत नाही, मालकाच्या जुन्या निरोपांतून घ्यावं लागतं. जिवलग मित्राला अचानक 'तुम्ही' गेलं तर तो रागावल्याची खूण समजतो. क्रियापदही सांभाळा: 'तुम्ही आलात' बाई-पुरुष दोघांना चालतं, 'तुम्ही आला होतात' आणि 'आल्या होतात' इथे फाटा फुटतो. एजंटने स्वतःबद्दल 'पाठवतो' की 'पाठवते' हा पेच 'पाठवलं आहे' म्हणून सोडवता येतो.

15. साधनं कोणती वापरायची, आणि चाचणी कशी घ्यायची?

बीडीआय एजंट लिहिण्यासाठी जेसन ही भाषा आहे. संघटना, भूमिका आणि बंधनंही हवी असतील तर जाकामो, ज्यात जेसनबरोबर कार्टागो (एजंटांच्या भोवतालासाठी) आणि मोइसे (संघटनेसाठी) येतात. संघर्ष आधीच शोधायचे असतील तर पॉट्सडॅम विद्यापीठात विकसित झालेलं क्लिंगो, म्हणजे दिलेल्या नियमांत बसणाऱ्या परिस्थिती शोधून देणारं साधन, चांगलं काम देतं.

प्रत्येक संकेताला निदान सहा प्रसंग लिहा: पाळला, मोडला, अजून लागू व्हायचाय, नुकताच संपला, सूट मिळाली, दुसऱ्याशी भिडला. 12 संकेत असतील तर जोड्या 66 होतात. त्या हाताने तपासू नका, क्लिंगोला 'दोन्ही एकदम लागू होतील आणि दोन्ही पाळता येणार नाहीत' अशी परिस्थिती शोधायला सांगा. भाषा मॉडेल वापरलं असेल तर प्रत्येक प्रसंग दहा वेगळ्या शब्दरचनांत द्या, आणि काढलेली तथ्यं तीच राहतात का ते पाहा.

प्रत्येक निर्णयाच्या नोंदीत वेळ, धरलेली तथ्यं, लागू संकेत, हरलेले संकेत आणि ते का हरले हे हवं. हरलेल्यांची नोंद नसेल तर प्रश्न 16 चं उत्तर एजंट देऊच शकणार नाही.

16. फोन माझा, पैसे मी दिले. एजंटने अनोळखी प्रेक्षकांची बाजू का घ्यावी?

कारण संकेत त्यांच्याप्रतीही आहे (प्रश्न 4), आणि त्यांना तुमच्या फोनच्या सेटिंगमध्ये हात घालता येत नाही. तरीही शेवटचा शब्द मालकाचा ठेवावा, दोन अटींवर. एक, प्रश्न 9 मधली कुलपं मालकालाही उघडता येऊ नयेत. दोन, मालकाने संकेत बाजूला ठेवायला सांगितला तर एजंटने एकदा, एका ओळीत, कोणाला त्रास होईल ते सांगावं आणि मग ऐकावं. 'आत प्रयोग चालू आहे, रिंग सगळ्यांना ऐकू जाईल. तरी चालू ठेवू?' एवढं बस. त्याच संध्याकाळी हे पुन्हा विचारू नये.

17. माझा एजंट आणि शेजारच्याचा एजंट, दोघांचे संकेत वेगळे असतील तर?

ठिकाणाचा संकेत वर ठेवा. सभागृह, दवाखाना, न्यायालय यांनी आपले संकेत यंत्राला वाचता येतील असे जाहीर केले तर दोन्ही एजंट तेच वाचतील. तशी सोय नसेल तर आपापला संदर्भ उघड करायचा: 'माझा मालक डॉक्टर आहे, आज कामावर आहे.' कारण कळलं तर समोरचा एजंट ते वाजणं भंग म्हणून नोंदवत नाही. किती उघड करायचं याची मर्यादा पुन्हा प्रश्न 13 मधली. 'कामावर आहे' पुरत असेल तर दवाखान्याचं नाव सांगू नये.